यीस्टवर यूव्ही मारायचा आणि डीएनए दुरुस्त होताना प्लेटवर बघायचा : कॉलेजच्या लॅबमध्ये जमणारा अख्खा प्रयोग

सांगली, मिरज, तासगाव, विटा, इकडच्या कुठल्याही कॉलेजात मायक्रोबायोलॉजीचे प्रोजेक्ट सुरू झाले की यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, एक प्रयोग ठरलेला असतो. इतके सेकंद यूव्ही मारला, इतक्या कॉलनी कमी झाल्या, ग्राफ काढला, फाइल सबमिट. मेलेल्या पेशी सगळे मोजतात, पण ज्या वाचल्या त्या कशामुळं वाचल्या हे कुणी विचारत नाही, आणि खरी मजा तिथंच आहे. त्याच लॅबमध्ये, त्याच सामानात, थोडं जास्त लक्ष देऊन केलं तर यीस्टची पेशी आपला डीएनए कसा दुरुस्त करते ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, म्हणजे बीएस्सी, एमएस्सीच्या कुणालाही वाचून करता येईल.

आधी नुकसान काय होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या स्टेप नुसत्या पाठ होतील. लॅमिनारमधली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटातली, जी जंतुनाशक ट्यूब असते तिचा बहुतेक प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही-सी. डीएनए सगळ्यात जास्त शोषतो २६० च्या आसपास, त्यामुळं हा प्रकाश थेट डीएनएलाच लागतो. डीएनएच्या एकाच धाग्यावर दोन पिरिमिडीन, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांतले टी आणि सी, शेजारी शेजारी असले, म्हणजे टी-टी, टी-सी, सी-टी किंवा सी-सी, की ते एकमेकांना चिकटतात. यात दोन प्रकार महत्त्वाचे. एक सायक्लोब्युटेन डायमर, हा साधारण तीन चतुर्थांश नुकसानीचा वाटेकरी, आणि दुसरा सहा-चार फोटोप्रॉडक्ट, जो संख्येनं कमी पण डीएनएला जास्त वाकडं करतो. डीएनए कॉपी करणारं पॉलिमरेज अशा गाठीपाशी आलं की अडकतं, आरएनए बनवणारंही अडकतं, आणि पेशी तिथंच थांबते. एप्रिल-मेच्या उन्हात यूव्ही-सी नसतो, तो ओझोनमध्येच अडतो, पण यूव्ही-बी असतो आणि तोही ह्याच गाठी पाडतो, म्हणून उघड्यावर जगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जिवाकडं दुरुस्तीची सोय आहे.

यीस्टकडं तर ती तीन-चार प्रकारची आहे.

पहिली म्हणजे फोटोलायेज. हे एकच एन्झाइम, यीस्टमध्ये त्याच्या जीनचं नाव पीएचआर१. हे अंधारातही डायमरला जाऊन चिकटतं, पण गाठ सोडवायला त्याला उजेड लागतो, जांभळ्या-निळ्या बाजूचा, साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटरचा. त्याच्या आत एक फोलेटचा रेणू अँटेनासारखा बसलेला असतो, तो उजेड पकडतो आणि ऊर्जा एन्झाइममधल्याच एफएडी नावाच्या दुसऱ्या रेणूकडं देतो, एफएडी डायमरला एक इलेक्ट्रॉन देतो, जास्तीचे बंध तुटतात, इलेक्ट्रॉन परत येतो. काहीही कापायचं नाही, काही नवीन भरायचं नाही, टी-टी पुन्हा पहिल्यासारखे. यीस्टचं फोटोलायेज फक्त सायक्लोब्युटेन डायमर सोडवतं, सहा-चारवाल्याला ते हात लावत नाही, हे लक्षात ठेवा, पुढं निकाल वाचताना लागणार आहे. आणि माणसाकडं हे एन्झाइमच नाही, आपण पूर्णपणे दुसऱ्या पद्धतीवर अवलंबून आहोत.

ती दुसरी पद्धत म्हणजे न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर, लॅबमध्ये सगळे नुसतं एनईआर म्हणतात. हिला उजेड लागत नाही. द्राक्षबागेत ड्रिपची लॅटरल फुटली की आपण फुटक्या जागेच्या दोन्ही बाजूनं कापतो, तेवढा तुकडा काढतो आणि नवा घालून जॉइनर लावतो, अगदी तेच इथं होतं. रॅड४ आणि रॅड२३ ही प्रोटीनची जोडी डीएनए कुठं वाकडा झालाय ते शोधते. मग टीएफआयआयएच नावाचा मोठा गट येतो, त्यातले रॅड३ आणि एसएसएल२, ज्याला रॅड२५ पण म्हणतात, हे धागे उसवून उघडतात, रॅड१४ गाठीची खात्री करतो. नंतर रॅड२ एका बाजूनं कापतो आणि रॅड१-रॅड१० दुसऱ्या बाजूनं, साधारण २५ न्यूक्लिओटाइडचा तुकडा गाठीसकट बाहेर पडतो, समोरच्या चांगल्या धाग्यावरून पॉलिमरेज जागा भरतं आणि लायगेज सांधा जोडतं. जिथं जीन वाचला जात असतो आणि आरएनए पॉलिमरेज गाठीपाशी अडकतं तिथं रॅड२६ च्या मदतीनं दुरुस्ती लवकर होते, बाकीच्या जागांसाठी रॅड७ आणि रॅड१६ लागतात.

ह्या प्रोटीनचे भाऊबंद आपल्यात जसेच्या तसे आहेत. रॅड४ म्हणजे आपलं एक्सपीसी, रॅड१४ म्हणजे एक्सपीए, रॅड३ म्हणजे एक्सपीडी, रॅड२ म्हणजे एक्सपीजी. यातलं एखादं बिघडलं की झीरोडर्मा पिगमेंटोसम होतो, त्या लेकरांना साधं ऊनसुद्धा सोसत नाही आणि त्वचेचा कॅन्सर लहान वयात होतो. बेकरीतलं यीस्ट म्हणून त्याला हलकं समजू नका, ह्या आजारात नेमकं काय बिघडतं ते समजायला यीस्टच्या रॅड जीनची फार मोठी मदत झाली आहे.

तिसरी सोय ही दुरुस्ती नाही, वेळ मारून नेणं आहे, तिच्याबद्दल शेवटी म्युटेशनच्या, म्हणजे डीएनएत कायम राहणाऱ्या बदलांच्या, भागात लिहितो. शिवाय मेक१, रॅड९, रॅड५३ हे चेकपॉइंटवाले पेशीचं विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ मिळवून देतात. अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टवेल यांनी रॅड९ वरचं काम १९८८ मध्ये छापलं आणि २००१ मध्ये पेशीचक्रावरच्या एकूण कामाबद्दल त्यांना नोबेल मिळालं.

आता कामाला लागू.

स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण. बेकरी सामानाच्या दुकानात मिळणारं ड्राय यीस्ट चालतं, पण ते सहसा डिप्लॉइड, म्हणजे क्रोमोसोमचे दोन संच असलेलं, किंवा त्याहून जास्त संचांचं असतं, त्यामुळं यूव्हीला चांगलं तगतं आणि डोस वाढवावा लागतो. कारखान्याच्या डिस्टिलरीतलं यीस्ट पण तसंच. फक्त उजेड-अंधाराचा फरक बघायचा असेल तर हे पुरेसं आहे, एकदा स्ट्रीक करून एका कॉलनीपासून कल्चर वाढवून घ्या म्हणजे मिसळ राहणार नाही. म्युटंटशी, म्हणजे एखादा जीन बिघडलेल्या किंवा काढलेल्या स्ट्रेनशी, तुलना करायची असेल तर हॅप्लॉइडच, म्हणजे एकच संच असलेलं, पाहिजे. पुण्याच्या एनसीएलमधलं एनसीआयएम आणि चंदीगडचं एमटीसीसी इथून स्ट्रेन मागवता येतात, आणि बीवाय४७४१ सारखे हॅप्लॉइड व त्यातले एकेक जीन काढलेले स्ट्रेन यीस्टवर काम करणाऱ्या कुठल्याही रिसर्च लॅबमध्ये असतात. सरांकडून कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि प्रोजेक्ट सुरू व्हायच्या खूप आधी मागा.

मीडियम वायपीडी. एक लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, प्लेटसाठी अगार २० ग्रॅम. १२१ डिग्री, १५ पौंड, १५ मिनिटं. जमलं तर डेक्स्ट्रोज वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा, एकत्र केलं की मीडियम काळपट होतं. प्लेटा ओतल्यावर दोन दिवस बाहेर ठेवून वाळू द्या, वर पाण्याचा थर राहिला तर कॉलनी पसरतात आणि मोजता येत नाहीत.

कल्चर. संध्याकाळी एक कॉलनी ५ मिली वायपीडीत टाकून ३० डिग्रीला हलवत ठेवा, सकाळी ताज्या मीडियममध्ये पातळ करा आणि वाढू द्या. ३० डिग्रीला साधारण ९० मिनिटांत पेशी दुप्पट होतात. उन्हाळ्यात आपल्याकडं खोलीच ३८ ला जाते, तेव्हा बाहेर ठेवू नका, बीओडी इनक्युबेटरच पाहिजे. मिलीला साधारण २ कोटी पेशी झाल्या की थांबा, हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर, मोजून खात्री करा.

मग धुवायचं, आणि ही स्टेप कुणी गाळू नका. वायपीडीत न्यूक्लिक अॅसिडचे तुकडे आणि प्रोटीन भरलेलं असतं, ते यूव्ही शोषून घेतं आणि पेशीपर्यंत पोचूच देत नाही. सेंट्रीफ्यूज करून निर्जंतुक पाण्यात दोनदा धुवा आणि शेवटी तेवढ्याच पाण्यात मिसळा. चांगलं व्हॉर्टेक्स करा, कारण कळीला चिकटलेल्या आणि गोळ्या झालेल्या पेशींची मिळून एकच कॉलनी येते.

डायल्युशन दहापटीनं, १०⁻⁴ पर्यंत. प्रत्येकाचे ०.१ मिली प्लेटवर पसरा. यूव्ही न मारलेल्या प्लेटसाठी १०⁻⁴ बरोबर बसतं, जास्त डोस असेल तिथं कमी पातळ केलेलं पसरायचं म्हणजे मोजण्याइतक्या कॉलनी राहतात. प्रत्येक डोसला दोन वेगवेगळी डायल्युशन आणि प्रत्येकाच्या तीन प्लेटा ठेवा. प्लेटा खूप लागतात, पण त्याशिवाय आकडे भरवशाचे येत नाहीत.

यूव्ही मारताना सुरक्षेचं आधी. २५४ चा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला लगेच इजा करतो, आणि त्रास काही तासांनी, रात्री सुरू होतो म्हणून त्या वेळी कळत नाही. फेस शील्ड, नायट्रिल ग्लोव्हज, बाही पूर्ण, मनगटाची उघडी पट्टी राहू देऊ नका. साध्या चष्म्याच्या बाजूनं प्रकाश आत येतो, त्यावर विसंबू नका.

ट्यूब लावून १५-२० मिनिटं तशीच तापू द्या, नाहीतर पहिल्या प्लेटला वेगळा डोस आणि शेवटच्या प्लेटला वेगळा. आपल्याकडं व्होल्टेज दुपारी वेगळं असतं आणि रात्री वेगळं, त्याचाही फरक पडतो, म्हणून एक सेट एकाच बैठकीत संपवा, लॅबला स्टॅबिलायझर असेल तर त्यावरच लावा. प्लेट ट्यूबच्या मधोमध खाली ठेवायची, जागेला मार्करनं खूण करायची आणि झाकण काढायचं. प्लॅस्टिकचं झाकण हा प्रकाश पूर्ण अडवतं, काचही अडवते, झाकणासकट ठेवलेल्या प्लेटवर काहीच परिणाम दिसणार नाही. ट्यूब चालू-बंद करत बसू नका, वर जाड पुठ्ठा धरा आणि वेळ सुरू झाली की बाजूला ओढा.

मीटर असेल तर डोस ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये लिहा, तीव्रता गुणिले सेकंद. चौरस मीटरला १ वॅट येत असेल तर १० सेकंद म्हणजे १० ज्यूल. हॅप्लॉइड साध्या यीस्टसाठी ० ते १५० ज्यूलपर्यंतची रेंज बघावी लागते, एनईआर नसलेल्या म्युटंटसाठी मात्र ५ ज्यूलच्या आतच सगळं आटपतं. मीटर नसेल तर सरळ सेकंद लिहा आणि ट्यूब किती वॅटची, किती अंतरावर, हे लिहा, अंदाजानं ज्यूल टाकू नका. आधी ०, ५, १०, २०, ४०, ६० सेकंद असा एक ट्रायल सेट घ्या आणि ज्या वेळेला शेकडा १ ते १० पेशी वाचतात ती वेळ मुख्य प्रयोगासाठी पक्की करा.

आता ह्या अख्ख्या प्रयोगाचा जीव ज्यात आहे तो भाग. यूव्ही मारायची वेळ आली की खोलीतल्या पांढऱ्या ट्यूबलाइट बंद, खिडक्यांना काळा कागद, आणि फक्त पिवळा किंवा लाल बल्ब. कारण यूव्ही मारून झाल्यावर प्लेट साध्या उजेडात राहिली की फोटोलायेज लगेच कामाला लागतं, आणि कुठली प्लेट किती वेळ टेबलावर पडली होती यावर तुमचे आकडे ठरायला लागतात. १९४९ च्या सुमाराला अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केलनर यांचं हेच झालं होतं. ते स्ट्रेप्टोमायसिस ह्या बॅक्टेरियाच्या बीजाणूंवर यूव्ही मारत होते, आकडे कधी इकडं कधी तिकडं, त्यांना वाटलं तापमानाचा फरक असेल, ते सगळं तपासलं, आणि शेवटी कळलं की खिडकीतून येणारा उजेड बीजाणूंना वाचवतोय. त्याच वर्षी डल्बेको यांना बॅक्टेरियोफाजमध्ये, म्हणजे बॅक्टेरियाच्या व्हायरसमध्ये, तेच दिसलं. पुढं रूपर्ट यांनी बेकरीच्या यीस्टमधून हे एन्झाइम काढून टेस्ट ट्यूबमध्ये त्याचं काम दाखवलं, आणि त्यांचेच विद्यार्थी अझीझ संजार यांना डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल लिंडाल आणि मॉड्रिच यांच्याबरोबर मिळालं. सांगायचा मुद्दा, तुमच्या प्लेटांमध्ये मेळ बसत नसेल तर सगळ्यात आधी उजेडावर संशय घ्या.

चार गट करायचे. यूव्ही नाही-अंधार, यूव्ही नाही-उजेड, यूव्ही-अंधार, यूव्ही-उजेड. अंधाराच्या प्लेटा यूव्हीखालून काढल्या काढल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. उजेडाच्या प्लेटा झाकण लावून साध्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली वीतभर अंतरावर एक तास ठेवा आणि नंतर त्याही फॉइलमध्ये. फॉइलवाल्या प्लेटाही त्या तासभर त्याच ट्यूबखाली शेजारीच ठेवायच्या, म्हणजे तापमान दोन्हीकडं सारखं राहतं आणि फरक फक्त उजेडाचा उरतो. लवकर होईल म्हणून प्लेटा गच्चीवर उन्हात नेऊ नका, एक तर अगार तापून घाम सुटतो आणि उन्हातला यूव्ही-बी नवीन गाठी पाडतो. आणि यूव्ही नाही-उजेड हा गट टाळू नका, उजेडामुळं पेशी मरत नाहीत आणि वाढतही नाहीत हे त्याशिवाय सिद्ध होत नाही.

३० डिग्रीला तीन दिवस. दुसऱ्या दिवशी यूव्हीवाल्या प्लेटा रिकाम्या वाटतील, लगेच मोजू नका. ज्या पेशींनी दुरुस्तीत वेळ घालवलाय त्यांच्या कॉलनी उशिरा दिसतात आणि आधी टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, प्लेट तिरकी धरून खिडकीकडं बघितली की दिसतात. तिसऱ्या दिवशी मोजा, चौथ्या दिवशी परत एकदा बघा.

हिशोब असा. समजा यूव्ही नसलेल्या १०⁻⁴ च्या प्लेटवर १८० कॉलनी, म्हणजे मिलीला १ कोटी ८० लाख. यूव्ही-अंधारच्या १०⁻³ च्या प्लेटवर ९०, म्हणजे मिलीला ९ लाख, वाचले शेकडा ५. यूव्ही-उजेडच्या १०⁻⁴ वर ५४, म्हणजे ५४ लाख, वाचले शेकडा ३०. डोस दोघांना सारखाच मिळालाय, गाठी सारख्याच पडल्यात, पण उजेडानं सहापट पेशी वाचवल्या. ग्राफ काढताना उभा अक्ष लॉग घ्या. साध्या यीस्टची रेषा सुरुवातीला जवळजवळ सपाट जाते आणि मग खाली वळते, त्या सपाट भागाला शोल्डर म्हणतात. तेवढं नुकसान पेशी पचवून टाकते. उजेडातही शंभर टक्के पेशी का वाचत नाहीत, असं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात, त्याचं एक उत्तर सहा-चारवाल्या गाठी, ज्यांच्यावर फोटोलायेज चालत नाही.

एनईआर वेगळं दाखवायचं असेल तर एक जुनी आणि फार छान युक्ती आहे. रात्रभर वाढून थांबलेलं कल्चर घ्या, धुऊन पाण्यातच उथळ प्लेटमध्ये पातळ थर करून, हळू हलवत यूव्ही मारा. पाण्यात पेशी दाट असतील तर त्या एकमेकींवर सावली धरतात, म्हणून मिलीला १ कोटीच्या आतच ठेवा आणि डोस थोडा वाढवा. एक भाग लगेच पसरा, उरलेला फॉइल गुंडाळलेल्या फ्लास्कमध्ये पाण्यातच ३० डिग्रीला ठेवून द्या आणि एक, दोन, तीन दिवसांनी पसरा. पाण्यात खायला काही नाही, त्यामुळं पेशी डीएनए कॉपी करायला घेत नाही, आणि तेवढ्या वेळात एनईआर निवांत गाठी काढत बसतं. दिवसागणिक वाचणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. यूव्ही न मारलेला फ्लास्कही तसाच शेजारी ठेवायचा, नुसतं पाण्यात राहून किती मेल्या ते वजा करायला.

म्युटंट मिळाले असतील तर हेच दोन्ही प्रयोग त्यांच्यावर करा. रॅड४ किंवा रॅड१४ काढलेलं यीस्ट अगदी थोड्या डोसला मरतं, पाण्यात ठेवून त्याला काही फायदा होत नाही, पण उजेडात ठेवलं की ते सावरतं, कारण त्याचं फोटोलायेज शाबूत आहे. पीएचआर१ काढलेल्याचं बरोबर उलट, अंधारात ते जवळजवळ साध्या यीस्टइतकंच तगतं आणि उजेडाचा त्याला उपयोग नाही. आणि दोन-दोन जीन काढलेले मिळाले तर अजून पुढं जाता येतं. रॅड१ आणि रॅड२ दोन्ही काढले तरी एकच काढल्याइतकंच नाजूक राहतं, म्हणजे दोघं एकाच साखळीत आहेत. रॅड१ आणि रॅड१८ काढले तर मात्र दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त नाजूक होतं, म्हणजे ते दोन वेगळे रस्ते आहेत आणि एकमेकांची कामं झाकतायत.

रॅड१८ म्हणजेच ती वेळ मारून नेणारी सोय. रॅड६-रॅड१८ ही जोडी अडकलेल्या पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या पीसीएनए नावाच्या कड्याला युबिक्विटिन ह्या छोट्या प्रोटीनची खूण लावते. मग रॅड३० चं पॉलिमरेज ईटा येतं आणि टी-टीच्या समोर बहुतेक वेळा बरोबर ए-ए टाकून पुढं जातं. जिथं त्याला जमत नाही तिथं रेव्ह१ आणि रेव्ह३-रेव्ह७ येतात, त्यांच्या हातून चुका होतात, आणि यूव्हीमुळं होणारी बहुतेक म्युटेशन इथूनच येतात. रेव्ह३ काढलेल्या यीस्टमध्ये वाचणाऱ्या पेशींत थोडासाच फरक पडतो, पण म्युटेशन जवळजवळ नाहीशी होतात.

हे मोजायला कॅनावनिन, म्हणजे आर्जिनिन ह्या अमिनो अॅसिडसारखं दिसणारं विष, वापरतात. आर्जिनिन नसलेल्या सिंथेटिक मीडियममध्ये लिटरला ६० मिलिग्रॅम कॅनावनिन घाला. हॅप्लॉइडच घ्या. ज्या पेशीचा कॅन१ जीन बिघडला तिच्यात हे विष शिरत नाही आणि फक्त तीच वाढते. प्रत्येक प्लेटवर १ कोटीच्या आसपास पेशी पसरा, डोस मध्यम ठेवा, निम्म्या वाचतील इतपत, आणि त्याच वेळी वायपीडीवर वाचलेल्यांचा आकडा काढा, कारण म्युटंट नेहमी वाचलेल्या पेशींच्या प्रमाणात लिहायचे. इथंही उजेड आणि अंधार असे दोन सेट लावा. उजेडाच्या सेटमध्ये जास्त पेशी वाचूनही म्युटंटचं प्रमाण कमी येतं, कारण गाठच सुटली तर चुकीची कॉपी करायची वेळच येत नाही.